जुनी गिटार, परदेशी दुकान आणि अचौर्याचे पाच अतिचार



दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो, श्रावकाच्या व्रतांचा. अहिंसा आणि सत्याचं विवेचन चालू असताना सगळ्या सावरून बसतात. अचौर्य आलं की मात्र थोडी चुळबुळ सुरू होते. चोरी करतंय कोण आपल्यात? पण आचार्य उमास्वामींनी या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते बहुतेक बाजारातले आहेत. खरेदीचे, मापाचे, राज्याच्या नियमांचे. यंदा आमच्या घरी एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारीच्या निमित्ताने ही पाचही नावं जेवताना बोलली गेली, म्हणून आज त्यावर लिहिते.

आमचा मुलगा वीस वर्षांचा आहे. कॉलेज सांभाळून लहान मुलांना गिटार शिकवतो, गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतो. दोन वर्षं त्याने पै-पै साठवली. मग एके दिवशी त्याने आम्हाला मोबाइलवर टोकियोतल्या एका दुकानाचं पान दाखवलं. जपानमध्ये १९८० च्या दशकात बनलेली गिटार, किंमत नव्वद हजार येन, म्हणजे आपले साधारण पन्नास हजार रुपये. पैसे त्याचे, कष्ट त्याचे. घरात व्रत आहे म्हणून पोराने मन मारायचं, हे मला नको होतं. पोराची हौस आहे म्हणून व्रत गुंडाळून ठेवायचं, हेही नको होतं.

माझा पहिला प्रश्न साधा होता. एवढ्या लांबून, आणि तीही वापरलेली, कशासाठी? त्याने सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. टोकियोत ओचानोमिझू नावाचा भाग आहे. आपल्याकडे एकेका गल्लीत नुसती भांड्यांची किंवा नुसती कापडाची दुकानं असतात, तशी तिथे रस्ताभर वाद्यांची दुकानं आहेत. १९७० च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या नकला बनवायचे. त्या इतक्या चांगल्या निघू लागल्या की अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९८२ मध्ये जपानी व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन फेंडर जपान ही कंपनीच काढली. तिच्या सुरुवातीच्या गिटारी मात्सुमोतो शहरातल्या फुजिगेन कारखान्यात बनल्या. तिथे त्या पुष्कळ विकल्या गेल्या, लोकांनी नीट जपल्या, आणि आता त्या जुन्या बाजारात येतात. नव्या अमेरिकन गिटारीच्या निम्म्याहून कमी पैशात चांगलं वाद्य मिळतं, हे त्याचं गणित.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. "यात कुणाचं हाड-कातडं आहे का रे?"

पोरगा हसला नाही, हे मला आवडलं. त्याने दुकानाला विचारलं आणि स्वतःही शोधलं. तारा पोलादाच्या आणि निकेलच्या, त्यांत आतडं नाही. तारा जिथे गळ्याच्या वरच्या टोकाला टेकतात, ती छोटी पट्टी पुष्कळ चांगल्या गिटारींत गुराच्या हाडाची असते, काहींत प्लॅस्टिकची किंवा कृत्रिम. बोटांच्या पट्टीवरचे पांढरे ठिपके काही गिटारींत खऱ्या शिंपल्याचे असतात, बऱ्याच गिटारींत मोत्यासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकचे. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी तपकिरी पट्टी मात्र सेल्युलॉइडची किंवा प्लॅस्टिकची असते. जुन्या काळी तार छेडायच्या नख्या खऱ्या कासवाच्या कवचाच्या असायच्या. त्या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७० च्या दशकातच बंदी आली. जुन्या पद्धतीचा सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून बनतो. पण फेंडर पद्धतीच्या गिटारीचा गळा धडाला चिकटवलेला नसतो, चार स्क्रूंनी बसवलेला असतो. खांद्यावरचा पट्टा चामड्याचा असेल तर नको म्हणून सांगता येतं, सुती आणि नायलॉनचे भरपूर मिळतात.

हे सगळं परदेशी वाद्यांचंच आहे असं मात्र समजू नका. माझं माहेर सांगलीचं. शेजारच्या मिरजेला सतार-तंबोरे बनतात. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून ही कला उचलली, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण सतारीची घोडी परंपरेने हाडाची किंवा शिंगाची असते, हे आपल्यापैकी कितीजणी विचारतात? भजनाला बसताना ढोलकीवर कातडं असतंच. तेव्हा प्रश्न विचारायचा तर सगळ्याच वाद्यांना विचारायला हवा.

लाकडाची गोष्ट तर मला फारच विलक्षण वाटली. त्या गिटारीची बोटांची पट्टी रोझवुडची, म्हणजे शिसवाची. ब्राझीलचं शिसव दुर्मीळ झाल्यावर १९६० च्या दशकापासून जगभरच्या गिटारवाल्यांनी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याच दक्षिणेकडच्या जंगलातलं लाकूड जपानला जाऊन, चाळीस वर्षं वाजून, चिंचोटीला परत यायला निघालेलं असू शकतं. जानेवारी २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या आणि प्रत्येक गिटारीला कागद लागू लागला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र ती सूट नाही. ते १९९२ पासून सगळ्यांत कडक यादीत आहे, त्यामुळे जुन्या गिटारीत ते असेल तर वाटेला जाऊच नये.

"आई, झाड तर मी जन्मायच्या आधीच कापलंय," मुलगा म्हणाला. मुद्दा खरा होता. जुनी वस्तू घेतली तर नव्यासाठी झाड पडत नाही. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तिन्ही पाहतात. स्वतः करणं, करवून घेणं आणि केलेल्याला मान डोलावणं. जुन्या वस्तूत पहिले दोन सुटतात, तिसरं थोडं उरतं. माझं मत असं झालं की हाड-शिंपला नसलेली जुनी गिटार नव्या गिटारीपेक्षा बरी. सासूबाईंनीही होकार दिला.

त्यांची स्वतःची एक अडचण होती. चातुर्मासात त्यांचं देशव्रत असतं, वसई तालुक्याच्या बाहेर जायचं नाही. देशव्रताच्या अतिचारांत पहिलाच आहे 'आनयन', म्हणजे मर्यादेबाहेरची वस्तू आत आणवून घेणं. पाय घरात ठेवून हात जगभर फिरवायचा, यावरचा हा उपाय! जुन्या आचार्यांनी मोबाइल पाहिला नव्हता, पण माणसाचं मन पाहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "व्रत माझं आहे, त्याचं नाही. त्याने मागवावी. पण माझ्या नावाने मागवू नका, आणि पार्सल आलं तर सही मी करणार नाही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग अचौर्याचे पाच अतिचार आले.

दुसऱ्या अतिचारापासून सुरू करते, तदाहृतादान. चोरीचा माल घेणं, मग तो आपण पैसे मोजून घेतला तरी. जुन्या गिटारींच्या बाजारात हा धोका खरा आहे. कॅनडाच्या रँडी बॅकमन या नामांकित गायकाची १९५७ सालची ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरोंटोतल्या हॉटेलातून चोरीला गेली. ती २०२० मध्ये सापडली. कुठे, तर टोकियोत. एका जपानी वादकाने ती तिथल्या दुकानातून रीतसर विकत घेतली होती, त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. एका चाहत्याने जुन्या फोटोंतल्या लाकडाच्या रेषा इंटरनेटवरच्या व्हिडिओंशी ताडून पाहिल्या आणि ती ओळखली. १ जुलै २०२२ रोजी टोकियोत त्या वादकाने ती परत दिली, आणि बॅकमन यांनी त्याला त्याच सालातली तशीच दुसरी गिटार दिली. दोघांचंही मन राहिलं. पण सगळ्यांच्या गोष्टी अशा संपत नाहीत.

म्हणून दुकान पाहून घ्यावं. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १९४९ च्या कायद्याप्रमाणे परवाना घ्यावा लागतो आणि वस्तू विकायला आलेल्या माणसाची ओळख तपासावी लागते. नीट दुकान आपला परवाना क्रमांक पानावर छापतं. गिटारीचा अनुक्रमांक मागावा आणि तो चोरीच्या यादीत आहे का ते शोधावं. आमच्या दुकानाने दोन्ही लगेच दिलं.

पाचवा अतिचार प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खोट्याला खरं म्हणून खपवणं. मोठ्या नावांच्या बनावट गिटारी जगभर फिरतात. मुलाने मला एक खूण शिकवली: गिब्सनच्या गळ्याच्या टोकावर जे छोटं झाकण असतं त्याला दोन स्क्रू असतात, बनावट गिटारींत पुष्कळदा तीन. यात एक बारीक भेद आहे. जपानी कंपन्यांच्या जुन्या नकलांवर त्यांचं स्वतःचं नाव असे. गिब्सनच्या मालकांनी १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर खटला भरला, तो गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून. आपलं नाव लावून दुसऱ्यासारखी वस्तू बनवणं आणि दुसऱ्याचं नाव लावून विकणं, हे दोन वेगळे. सूत्रातला शब्द दुसऱ्यावर बोट ठेवतो.

चौथा अतिचार हीनाधिकमानोन्मान. देताना माप कमी, घेताना जास्त. जुन्या गिटारीत हे माप वर्णनात असतं. म्हणून 'उत्तम स्थिती' या शब्दांवर जाऊ नये. पट्टीवरच्या धातूच्या पट्ट्या किती झिजल्यात, गळा सरळ आहे का, आतले भाग बदलले आहेत का, हे विचारावं. पाठीचे आणि सांध्याचे जवळून फोटो मागावेत. जपानी दुकानात 'जंक' म्हणून लिहिलेली वस्तू असते, म्हणजे चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही. तेवढं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, वाचायचं काम आपलं. आणि अॅम्प्लिफायर तिथून मागवू नये. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. गिटारीला स्वतःला भिंतीतली वीज लागत नाही, पण तिथला अॅम्प्लिफायर इथे थेट लावला तर जळेल.

आता माप दुसऱ्या बाजूनेही असतं, आणि इथे खरी परीक्षा आली. एका दुसऱ्या विक्रेत्याशी मुलाचं बोलणं चालू होतं. त्याने आपणहून लिहिलं की पार्सलवर किंमत शंभर डॉलर टाकतो, वर 'भेट' असं लिहितो, तुम्हाला कर कमी पडेल. अगदी प्रेमाने लिहिलं होतं.

आमचे हे गोदामाच्या कागदपत्रांचं काम बघतात. चिंचोटीला हायवेवरून कामण-भिवंडीचा रस्ता फुटतो. आमच्या खिडकीतून दिवसरात्र कंटेनर दिसतात, आणि त्यांच्या टेबलावर त्याच कंटेनरांचे कागद असतात. त्यांनी मुलाला बसवून समजावलं. कर नुसत्या किमतीवर नसतो. किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर सीमाशुल्क, त्यावर अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. शंभर डॉलर लिहिले आणि पार्सल हरवलं, तर विमाही शंभरचाच. 'भेट' म्हणून पार्सल सोडवून घेणं तर डिसेंबर २०१९ पासून बंदच आहे. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखी! सासूबाईंना सरकारचं फार कौतुक वाटलं.

त्या विक्रेत्याला मुलाने 'नको' म्हणून कळवलं. कुणी सांगायच्या आधी.

राहिला तिसरा, विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणं. रत्नकरंड श्रावकाचारात यालाच 'विलोप' म्हटलं आहे. किंमत खरी लिहिली, कर पूर्ण भरला, की हा प्रश्न मिटला असं मला वाटत होतं. पण ह्यांनी विदेश व्यापार धोरण उघडून दाखवलं. भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकीच्या वापरलेल्या वस्तूंची आयात 'निर्बंधित' आहे, म्हणजे त्यासाठी आधी परवाना काढावा लागतो. नव्या गिटारीला ही अडचण नाही, जुनीला आहे. ओळखीच्या कस्टम्स एजंटला विचारलं. तो म्हणाला, एकट्या माणसाची एखादी गिटार बहुतेकदा निघून येते, कर भरला की कुणी विचारत नाही. अडली तर मात्र दंड बसू शकतो, परतही जाऊ शकते.

'बहुतेकदा निघून येते.' हे वाक्य आमच्या घरात दोन दिवस फिरत राहिलं. मुलगा म्हणाला, "सगळे मागवतात, आई." मी काही बोलले नाही. त्याच्या दोन वर्षांच्या कमाईवर 'नाही' म्हणणं मला जड जात होतं. एका गिटारीसाठी परवान्याच्या मागे लागणं आम्हाला झेपणारं नव्हतं.

मग पहिला अतिचारही दारात आला, स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीला लावणं. आमचा एक भाचा जपानमध्ये नोकरीला आहे, दिवाळीला येणार होता. मुलाच्या मनात आलं की दादाला सांगू, सामानात घालून आण, विचारलं तर माझीच आहे म्हण. त्याने हे माझ्याजवळ बोलून दाखवलं आणि लगेच म्हणाला, "नाही, खोटं दादाला बोलावं लागेल. पाच प्रश्नांतला हा पहिलाच आहे ना?"

त्या रात्री त्याने टोकियोच्या दुकानाला कळवलं की घेत नाही. गिटार आठवड्यात दुसऱ्या कुणाला विकली गेली. तो चार दिवस नीट जेवला नाही. मीही त्याला समजवायला गेले नाही. व्रताची किंमत कुणाला तरी पडतेच. यावेळी ती त्याला पडली होती, तर ती हलकी करून सांगायचा मला अधिकार नव्हता.

पुढे तीन महिन्यांनी बोरिवलीच्या एका वादकाकडे जपानी बनावटीचीच गिटार मिळाली. तो स्वतः तिथे राहत असताना घेतलेली, परत येताना कस्टम्सला दाखवून आणलेली. मुलाने त्याच्याकडे दुकानाचं मूळ बिल मागितलं, कर भरल्याची पावती मागितली, अनुक्रमांक तपासला. तो गृहस्थ म्हणाला, इतके प्रश्न घेऊन कुणी आलं नव्हतं. टोकियोपेक्षा आठ हजार जास्त पडले. तारांखालची पट्टी हाडाची निघाली, ती काढून कृत्रिम बसवली.

परिग्रहाचं परिमाण आमच्याकडे सोप्या नियमाने चालतं: एक वस्तू आत, एक बाहेर. त्याची पहिली साधी गिटार त्याच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीला गेली. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की तो सुती फडक्याने पुसतो आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. सासूबाईंना आवाज जरा मोठा वाटतो. त्यांच्या सामायिकाच्या वेळी तो हेडफोन लावून बसतो.

तुमच्याही घरी परदेशातून काही ना काही येत असेलच. मुलांच्या वस्तू, यंत्रं, जुनी पुस्तकं. मागवण्याआधी हे पाच प्रश्न एकदा ताटाशी बसून वाचून पाहा. माल कुणाचा, नाव खरं का, माप खरं का, नियमात बसतं का, आणि आपल्यासाठी दुसऱ्या कुणाला खोटं बोलावं लागणार नाही ना. तुमच्याकडे कुठला प्रश्न अडला ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी चातुर्मासातल्या डाळींबद्दल लिहायचं आहे.

जय जिनेंद्र.